आधी तयारी, मग प्रयोग

मैत्रिणींनो, मुलांच्या प्रयोगाची तयारी बहुधा आपणच करून देतो. वाटीत सोडा काढलेला, कागद कापलेला. मूल फक्त शेवटची गंमत बघते. मी कॉमर्सची, पण मायकेल फॅरडेंबद्दल वाचल्यापासून मला हे खटकते.

फॅरडे लोहाराचे पुत्र. लंडनमध्ये पुस्तकबांधणी शिकलेले. मार्च १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हींचे मदतनीस झाले. आदल्याच वर्षी नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटात डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली होती. तोच पदार्थ हाताळताना महिन्याभरात फॅरडेंच्या बोटांतली नळी फुटली, नखाचा तुकडा उडाला. काचा मुखवट्यावर आदळल्या. तो आधीच चढवलेला होता, म्हणून चेहरा वाचला.

१८२७ मध्ये त्यांनी ‘केमिकल मॅनिप्युलेशन’ हे जाडजूड पुस्तक लिहिले. प्रयोगाची खोली कशी असावी, वजन कसे करावे, भांडी कशी स्वच्छ ठेवावीत, काच कशी वाकवावी, असेच सगळे त्यात आहे. आणि १८२७ ते १८६० या काळात याच गृहस्थांनी नाताळात मुलांसाठी १९ व्याख्यानमाला दिल्या.

आपल्याला हे नवे नाही. तेल तापण्याआधी मोहरी-हिंग हाताशी घेतोच ना? मग नातवंडांनाही टेबल मोकळे करू द्या, केस बांधू द्या, सामान मोजून मांडू द्या. चाकू आणि गरम पाणी मोठ्यांच्याच हाती, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. दहा मिनिटे जास्त लागतील. लागू द्यात.