चेहरा आणि दाग

या वर्षीच्या श्रावणात मी अण्णांची मोटारसायकल विकायला काढली. शंभर सी.सी.ची बॉक्सर, 2001 च्या दिवाळी पाडव्याला घेतलेली. तिच्या बदल्यात, वर पदरचे पैसे घालून, लांबच्या प्रवासाला चालेल अशी एक वापरलेली हिमालयन घ्यायची, असा बेत होता. संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात सौदा बहुतेक ठरला. दुकानदाराने बॉक्सरभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, किक मारून कान लावला, मागचे चाक हलवून पाहिले आणि सहा हजार रुपये मोल सांगितले. मी मान डोलावली. मग त्याने आर.सी. बुक मागितले, उघडले आणि विचारले, "सर, हे नाव कोणाचं?"

"वडिलांचं."

"त्यांना सहीला आणावं लागेल."

अण्णांना जाऊन दीड वर्ष होऊन गेले होते. दोष सर्वस्वी माझा. गाडी रोज चालवीत होतो, पण कागदावरचे नाव बदलायचे माझ्या मनात आले नव्हते; किंवा आले असेल आणि मी ते टाळले असेल. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "एकतीस नंबरचा फॉर्म भरा, सर. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायचा तो. गाडी आधी तुमच्या नावावर आली, की मगच मला घेता येईल."

म्हणून मी परिवहन कार्यालयात जाऊन मृत्यूचा दाखला, आईचे संमतिपत्र आणि फॉर्म अशी चवड घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढच्या एका माणसाने गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरला होता आणि तो वरून पेन्सिल घासत होता. कागदावर हळूहळू एकेक आकडा उमटत होता. ते पाहता पाहता मला एकदम औरंगजेबाच्या सुभेदारीतले औरंगाबाद आठवले. वाचकांनी हसू नये. इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला रांगेत उभे केले, की असेच व्हायचे.

मोगलांच्या फौजेत घोडेस्वाराची नोंद होई ती दोन गोष्टींनी, चेहरा आणि दाग. चेहरा म्हणजे स्वाराचे लेखी वर्णन. नाव, बापाचे नाव, मूळ ठिकाण, उंची, वर्ण, कपाळ, भुवया, तीळ, जखमेचे व्रण. त्याखाली घोड्याचे वर्णन, रंग आणि खुणा. आपण आज सहज 'चेहरेपट्टी' म्हणतो, तो शब्द या दप्तरातला. आणि दाग म्हणजे घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाने उमटवलेली खूण. ही पद्धत दिल्लीला अल्लाउद्दीन खिलजीने आणली, शेरशहाने चालविली आणि अकबराने 1574 च्या सुमारास ती पुन्हा कडकपणे लागू केली. कारण काय? सरदार लोक हजिरीच्या दिवशी मागून आणलेली तट्टे आणि बाजारातून धरून आणलेली माणसे उभी करीत, पूर्ण फौजेचा पगार उचलीत, आणि हजिरी संपली की तट्टे मालकाकडे आणि माणसे आपापल्या धंद्याला. चेहऱ्याने माणूस अडके, दागाने घोडा अडके. सांगाड्यावर कोरलेला नंबर आणि आर.सी. बुकातले नाव यांनी दुसरे काय साधते?

घोड्याच्या प्रतीचेही हिशेब होते. अबुल फजलने 'ऐने अकबरी'त घोड्यांचे सात वर्ग दिले आहेत. अरबी आणि इराणी वर, मग मुजन्नस, तुर्की, याबू. ताझी आणि जंगला हे हिंदुस्थानी वर्ग शेवटी. ज्याच्या मांडीखाली वरच्या वर्गाचा घोडा, त्याच्यापोटी मिळणारा पैसाही जास्त. तेव्हा याबू विकून तुर्की घेणे ही नुसती हौस नव्हती. त्यात घरची चूल जास्त पेटण्याचा हिशेब होता. (माझ्या बेतात असा हिशेब नव्हता, हे घरात मला दोनदा ऐकवण्यात आले.)

हे सारे आमच्या दाराशी घडलेले आहे. दख्खनच्या सुभ्याचे हे कागद औरंगाबादच्या किल्ले अर्कात पडून होते. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या कारकिर्दीतले दीड लाखांच्या घरातले कागद, आणि त्यांत चेहऱ्यांचे ढीग. 1916 साली निजाम सरकारने ते हैदराबादला हलविले. आज ते तारनाक्याच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात आहेत. तेथील निवडक कागद 1950 मध्ये युसुफ हुसेन खान यांनी प्रसिद्ध केले. पुढे आपल्या मराठवाड्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबारची फारसी बातमीपत्रे मराठीत आणून आमच्यासारख्या फारसी न येणाऱ्यांवर उपकार केले. पण चेहऱ्यांकडे कादंबरीकाराने अजून पुरते पाहिलेले नाही असे मला वाटते. ज्या माणसाबद्दल बखर एक ओळसुद्धा खर्च करणार नाही, त्याच्या डाव्या भुवईवरचा व्रण त्या कागदात आहे. तो कोणत्या लढाईत झाला, की लहानपणी जात्यावर पडून, हे कागद सांगत नाही. तिथून पुढे कादंबरीकाराचे काम. मला हैदराबादला जायचे आहे ते याचसाठी.

मराठी फौजेत ही गोष्ट निराळ्या तऱ्हेने मांडलेली होती. शिवाजी महाराजांच्या फौजेत स्वार दोन प्रकारचे. बारगीर आणि शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. सभासदाने बखरीत लिहून ठेवले आहे, की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. नालबंदाची ती नेमणूक वाचली, की मला आमच्या बसस्थानकाजवळच्या गॅरेजवाल्याची आठवण होते. त्याच्यावाचून अण्णांची बॉक्सर चोवीस वर्षे चालली नसती. महाराजांनी पागेला बळ दिले आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीत ठेवले. पेशवाईत शिलेदार वाढले. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचे सारे भांडवल. घोडा लढाईत पडला, तर धनी भरपाई देईल की नाही याची धाकधूक. न दिली तर माणूस शिलेदाराचा बारगीर होई, म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसे. म्हणून पुष्कळ शिलेदार ऐन रणात घोड्याला जपत, आणि इंग्रज लेखक मग त्याला भित्रेपणा म्हणत. ज्याने कर्ज काढून गाडी घेतली आहे आणि जो तिला खड्ड्यांतून जपून काढतो, त्याला यातली खरी गोष्ट कोणी समजावून सांगायला नको.

1818 नंतर ही शिलेदारी मेली असे आपण शाळेत शिकवतो. ते पुरते खरे नाही. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटमध्ये ती टिकली, आणि तिच्या रिसाल्याची छावणी औरंगाबादेत होती. तेथे भरती होणारा जवान एक ठेव भरी. तिला 'आसामी' म्हणत. त्या पैशावर त्याला घोडा आणि सामान मिळे. नोकरी सोडली की आसामीची रक्कम परत. घोड्याचे मोल ठरवायचे, जुना काढायचा, नवा घ्यायचा, हा सगळा व्यवहार पलटणीच्या खात्यातून चाले. आजच्या दुकानातली 'एक्स्चेंज'ची पाटी मला तरी त्या आसामीची पणती वाटते. 1903 मध्ये हे रिसाले हिंदी लष्करात सामील झाले. त्यांतला डेक्कन हॉर्स पुढे फ्रान्सला गेला आणि 14 जुलै 1916 रोजी सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या रानाजवळ भाले घेऊन घोड्यांवरून चालून गेला. पण महायुद्धात मेलेल्या घोड्यांच्या जागी नवे घोडे पुरविणे या पद्धतीला झेपेना, आणि युद्धानंतर शिलेदारी कायमची मोडली. त्याच डेक्कन हॉर्सने 1965 मध्ये खेमकरणच्या बाजूला असल उत्तरला शर्मन रणगाड्यांवरून लढाई केली. एवढी मोठी गाडी-बदल दुसऱ्या कोणी केली नसेल!

आमच्या भागात घोडा गेल्यावर एकदम मोटारसायकल आली असे नाही. मधली दोन पिढ्यांची जागा बैलाने आणि सायकलीने भरली. वैजापूर 1948 पर्यंत निजामाचे. येवला आणि कोपरगाव इंग्रजी मुलखात. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात आजही घोडे विकायला येतात, दसऱ्याच्या सुमारास फार. मोटारसायकली पुष्कळ काळ सरदारी गोष्ट राहिल्या. मद्रासची एनफील्ड 1955 ची, म्हैसूरची जावा त्यानंतर पाचसहा वर्षांनी, राजदूतही त्याच सुमाराची. गाडीपेक्षा नंबर लागणे कठीण. बजाजच्या स्कूटरला वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि म्हणून घरी आलेली जुनी स्कूटर कधी कधी नव्या किमतीच्या वर विकली जाई. जुन्याला नव्याहून भाव, ही किमया परवाना-राजवटीनेच करून दाखवली. मग 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला, पुढच्या वर्षी कावासाकी बजाजची शंभर सी.सी.ची गाडी निघाली, आणि वैजापूर-गंगापूरची पोरे तिथे कामाला जाऊ लागली. 1997 मध्ये बॉक्सर आली. तीच बॉक्सर पुढे आफ्रिकेत इतकी गेली, की कंपालाच्या रस्त्यांवर उतारू वाहणारे 'बोडा-बोडा'वाले तिच्यावरच पोट भरू लागले.

आमची बॉक्सर आली ती एक गोऱ्हा विकून. लासूरच्या बाजारात अण्णांनी आणि दलालाने उपरण्याखाली हात घातले. मी बाजूला उभा होतो. बोटे दाबून भाव चालला होता. वरून दोघांची तोंडे अशी कोरी, की जणू हवापाण्याच्या गोष्टी. अण्णांनी तीनदा हात काढून घेतला, तीनदा पुन्हा घातला. सौदा झाल्यावर गोऱ्ह्याचा कासरा सोडून स्वतःजवळ ठेवला. दावे विकत नसतात, असे ते म्हणाले. पाडव्याला गाडी आली आणि तो कासरा कितीतरी वर्षे मागच्या कॅरिअरला दुधाच्या किटल्या बांधायच्या कामी आला.

2016 मध्ये गाडीची पंधरा वर्षांची मुदत संपली, तेव्हा अण्णांनी स्वतः जाऊन नोंदणी वाढवून आणली. 2021 मध्ये पुन्हा. दुसऱ्या खेपेला मी म्हणालो, "आता भंगारात द्या." ते बोलले नाहीत. नव्या कागदावर आपले नाव नीट आले आहे की नाही ते चष्मा लावून पाहिले आणि कागद ट्रंकेत ठेवला.

तर त्या दिवशी कार्यालयात माझाही नंबर आला. मी कागद धरून पेन्सिल घासली. पहिला छाप पुसट आला, म्हणून दुसरा घेतला. तीनेक आठवड्यांनी नवी नोंद हाती पडली. मालकाच्या नावापुढे माझे नाव, आणि अण्णांचे नाव आता बापाच्या नावाच्या रकान्यात. मोगली चेहऱ्यात असते तसेच, स्वाराचे नाव आणि मग 'वल्द' अमुक. मला त्या रकान्याने थोडे बरे वाटले हे कबूल करतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी गाडी दुकानात सोडली. आईने निघताना हँडलला हळदकुंकू लावले होते. दुकानदार म्हणाला, दूधवाल्या एका पोराने आधीच विचारून ठेवले आहे. कासरा मी सोडून घेतला.

हिमालयन आता अंगणात उभी आहे. पंधरा लिटरची टाकी. एकदा भरली की चारशे किलोमीटरची काळजी नाही. गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो, जांबरगावला चढ-उतार आहे, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. तेव्हा एवढी प्रवासाची गाडी घेऊनही मी जुन्याच रस्त्याने जाणार. भाऊबीज झाली आणि शाळेची सुट्टी शिल्लक असली, की निघायचे. हैदराबाद सहाशे किलोमीटरच्या वर. दसऱ्याला नव्या गाडीला झेंडूची माळ घालताना आईने विचारले, "अण्णांच्या गाडीनं किती दिवस लागले असते रे?"

"दोन तरी."

"आणि हिनं?"

"मुक्काम करत गेलो तर दोनच."

आई हसली आणि माळेची गाठ कासऱ्याच्या उरलेल्या टोकाने बांधू लागली.