पाठांतराच्या पेटीची कुळकथा

महाराष्ट्राचा किनारा उत्तरेला झाईत संपतो. पुढची वाळू गुजरातची. इथलं मासेमार मांगेल्यांचं पोर घरात मांगेली बोलतं, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. तीन भाषा अशाच कानावरून अंगात मुरतात. जपानीचं तसं होत नाही. माझ्या भाचीनं ती शिकायला घेतली आणि विचारलं, “मामा, शब्द नि कांजी पाठ करायला कोणतं ॲप घेऊ?” (कांजी म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं.) नुसतं नाव सांगण्याऐवजी मी तिला त्या ॲपचं कूळ सांगितलं, कारण काय निवडायचं ते कुळातच कळतं.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा होत असे: पाढे, पावकी, निमकी, अडीचकी. त्यात मला एक उणीव दिसते. बेचा पाढा आणि एकोणतीसचा पाढा, दोघांना रोज सारखाच वेळ. जे येतं त्याचीही रोज उजळणी, जे येत नाही त्याचीही.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं विसरणंच मोजायला घेतलं. निरर्थक अक्षरगट तयार करून त्यानं ते स्वतःच पाठ केले, ठरावीक काळानं पुन्हा पाठ केले आणि दुसऱ्यांदा किती श्रम वाचले ते टिपलं. १८८५ साली छापलेल्या त्याच्या नोंदींत दिसतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांत वाटून केलेली उजळणी कमी कष्टात टिकते.

सेबास्टियन लाइटनरनं १९७२ च्या सुमारास या ज्ञानाला पेटीचं रूप दिलं. प्रश्नोत्तरांच्या कार्डांसाठी पाच कप्पे, प्रत्येक कप्पा आधीच्याहून मोठा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा लहान, तो लगेच भरतो, म्हणून अवघड शब्द सारखे हातात येतात. शेवटचा भरायला बराच काळ जातो. कुठेही तारीख लिहिलेली नसते, तरी ती पेटी दिवस मोजते. या साऱ्या कुळात मला सर्वांत प्रिय हीच.

पोलंडमधल्या पोझ्नानचा विद्यार्थी पिओत्र वोझ्नियाक १९८५ मध्ये कागदावर दोन उजळण्यांमधली अंतरं तपासत होता. १९८७ च्या डिसेंबरात त्यानं ती संगणकावर आणली. तो प्रोग्राम म्हणजे सुपरमेमो. पहिली उजळणी एका दिवसानं, दुसरी सहा दिवसांनी, पुढे दर वेळी मागच्या अंतराला गुणायचं, सुरुवातीला अडीचनं. सहाचे पंधरा, पंधराचे साडेसदतीस. आपली अडीचकीच ही! शब्द अवघड वाटला की त्याचा गुणक उतरतो आणि तो लवकर परत येतो.

जपानी शिकणाऱ्या डेमियन एल्म्सनं २००६ मध्ये सुपरमेमोच्याच कुळातलं गणित घेऊन ‘अंकी’ बनवलं. जपानीत अंकी म्हणजे पाठांतर. आपल्या अंकाशी त्याचा संबंध नाही. २०२३ पासून त्यात नवी पद्धतही आली आहे. ती तुमच्या स्वतःच्या उजळणीच्या नोंदींवरून अंतर ठरवते.

जपानी काना-लिपीचा क्रम आपल्याला परका वाटत नाही. अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न: बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेचीच ती छाया. खरा डोंगर कांजीचा. जपान सरकारच्या २०१० च्या नेहमीच्या वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत, आणि पुष्कळींचे उच्चार एकाहून अधिक. मासेमारीच्या कांजीत डावीकडे पाण्याच्या तीन रेषा, उजवीकडे मासा. झाईच्या मुलीला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. पण ‘र्योशी’ म्हणजे मासेमार आणि ‘ग्योको’ म्हणजे मासेमारीचं बंदर, या दोन्ही शब्दांत तीच कांजी, एकदा ‘र्यो’, एकदा ‘ग्यो’. म्हणून कार्डावर एकटी कांजी लिहू नये, अख्खा शब्द लिहावा, जमलं तर वाक्य.

वानीकानीसारखं ॲप ठरलेल्या क्रमानं बोट धरून नेतं, पण पहिल्या काही पायऱ्यांनंतर पैसे घेतं. मी भाचीला अंकी सुचवलं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट मिळतं, आणि कार्डं आपली आपण करता येतात. दुसऱ्याच्या हजारो कार्डांचा आयता गठ्ठा उतरवून घेऊ नकोस, एवढंच तिला बजावलं. कार्ड करतानाच निम्मा शब्द लक्षात राहतो.

त्या संध्याकाळी तिनं पहिलं कार्ड केलं. एका बाजूला ‘ग्योको’ हा शब्द कांजीत, दुसऱ्या बाजूला फोनवर काढलेला झाई बंदराचा फोटो, ओहोटीत कलंडलेल्या होड्यांसकट.