झुकतं माप

लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेलं अर्ध्या किलोचं पाकीट घरी ५१० ग्रॅम भरलं, म्हणून कुणी परत भांडायला जात नाही. माप झुकतंच हवं, तक्रार तुटीची. एकबाजूची टी-चाचणीही तेवढंच विचारते: दाव्यापेक्षा सरासरी कमी आहे का? वर्गात मात्र हिची ओळख कमी-जास्त दोन्हीकडे पाहणाऱ्या दुतर्फा चाचणीची धाकटी, जरा लबाड बहीण अशी करून देतात. कूळ काढलं तर थोरली हीच.

डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम गॉसेट नोकरीला होता. प्रयोग महागडे, त्यामुळे हाताशी आकडे नेहमी चार-दोनच. इतक्या थोड्या मापांच्या सरासरीवर भरवसा किती ठेवायचा? गणित मांडलं, आणि ताडून पाहायला ३,००० गुन्हेगारांची उंची नि डाव्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून ते पिसले, चार-चारचे ७५० गट पाडले. कंपनी त्याला खऱ्या नावाने छापू देईना, म्हणून १९०८ साली 'बायोमेट्रिका'तल्या लेखाखाली सही पडली, 'स्टुडंट'.

त्यातलं पहिलं उदाहरण झोपेच्या औषधाचं. १० रुग्ण, झोप सरासरी पाऊण तास वाढलेली. औषधाने झोप वाढते, याची शक्यता गॉसेटने काढली ०.८८७, म्हणजे साधारण आठास एक. प्रश्न एकाच बाजूचा! दोन्ही बाजू धरणारं कोष्टक रूढ केलं ते संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या १९२५च्या पुस्तकाने. 'टी' हे अक्षरही नंतरचंच. गॉसेटने 'झेड' लिहिलं होतं.

आता समजा, तसल्याच अर्ध्या किलोच्या ९ पाकिटांचं वजन केलं. सरासरी ४९६ ग्रॅम, प्रमाण विचलन ६. नऊचं वर्गमूळ ३, सहाला तिनाने भागून २. चार ग्रॅमची तूट त्याच्या दुप्पट, म्हणून टी उणे २. पाच टक्क्यांची एकबाजूची मर्यादा १.८६, दावा फेटाळला. दुतर्फा मर्यादा २.३१, दावा तगला. लबाडीचा आळ येतो तो इथे: आकडा पाहून मग बाजू निवडणाऱ्यांमुळे. बाजू तराजूला हात लावण्याआधीच ठरवायची असते.

पाकिटबंद मालासाठी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची शिफारसही सरासरी एकाच बाजूने तपासते. पण निर्दोष व्यापारी अडकण्याचा धोका ती शंभरात पाच नव्हे, हजारात पाच एवढाच पत्करते. ती पट्टी आपल्या नऊ पाकिटांना लावली तर मर्यादा ३.३६वर जाते, आणि दुकानदार सुटतो.