मुलाच्या मापाचें शस्त्र

सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहादें तालुक्यांत पुरुषोत्तमनगर हें गांव सहकारी साखर कारखान्यामुळें सर्वांस ठाऊक आहे. तेथून उत्तरेस सातपुडा व नर्मदा ओलांडली कीं माळवा लागतो. या माळव्यांत, होळकरांच्या इंदुरास, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका जुन्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. लहान मुलाच्या मूत्राशयांतील खडा शरीर न कापतां काढतां येईल काय, हा तो प्रश्न होय.

सुश्रुतानें मूतखड्याच्या शस्त्रकर्माचें सविस्तर वर्णन केलें आहे. हा रोग विशेषेंकरून बालकांस होतो, आणि त्यांचा बस्ति लहान असल्यामुळें खडा पकडून काढणें सोपें जातें, असें तो म्हणतो. तथापि कुशल वैद्याचेंहि यश अनिश्चित, म्हणून अनुज्ञा घेऊनच हें कर्म करावें, अशी ताकीदहि तो देतो.

युरोपांत 1824 सालीं पॅरिसच्या सिव्हियालनें मूत्रमार्गांतून अवजार घालून खडा आंतल्या आंत फोडून दाखविला. 1878 सालीं बोस्टनच्या बिगेलोनें फोडलेल्या खड्याचा चुरा रुंद नळीवाटें त्याच वेळीं बाहेर काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. प्रौढांचा छेद असा टळला. मुलांचा मात्र टळला नाहीं. मुलाचा मूत्रमार्ग अरुंद व नाजूक, त्यांत अवजार शिरणार कसें? शिवाय मुलें छेद सोसून बहुधा बरीं होतात, असा शस्त्रवैद्यांचा अनुभव होता. परंतु त्या छेदानें वीर्यवाहिन्यांस इजा होण्याचें भय असे, आणि तिचें फळ मूल वाढून संसारास लागल्यावरच कळे.

इंदूरचे सर्जन डी. एफ. कीगन यांनीं 1880 नंतरच्या दशकांत ही समजूत खोटी ठरविली. मुलाच्या मापाचीं बारीक अवजारें व नळ्या वापरून त्यांनीं अनेक मुलांचे खडे फोडून काढले आणि त्याचा वृत्तांत विलायतेंतील वैद्यकीय पत्रांत छापला. आंतील कांहीं दिसत नसतां, केवळ हाताच्या स्पर्शानें हें काम चाले. अडचण मुलाच्या देहांत नव्हती, अवजाराच्या मापांत होती.

पुढें हातास डोळ्यांची जोड मिळाली. 1879 सालीं निट्झनें व्हिएन्नास दाखविलेली मूत्राशयाची दुर्बीण क्रमानें बारीक होत गेली. 1995 सालीं अमेरिकेंत पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलाच्या मूत्रपिंडाची अडलेली वाट पोटांत दुर्बीण घालून मोकळी केल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. 2000 सालीं त्या देशांत ‘दा विंची’ यंत्रास परवानगी मिळाली. हें यंत्र स्वतःच्या बुद्धीनें कांहीं करीत नाहीं. शस्त्रवैद्य बाजूस बसून हात हलवितो आणि मनगटासारखीं वळणारीं टोंकें आंत टांके घालतात.

येथें कीगनच्या काळचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. यंत्राचीं आठ मिलिमीटर जाडीचीं अवजारें प्रौढांच्या देहास शोभणारीं. तान्ह्याच्या पोटांत तीं फिरविण्यास जागा थोडी, आणि तान्ह्याच्या उघड्या शस्त्रक्रियेचा छेदहि मुळांत लहानच. म्हणून मोठ्या मुलास जो लाभ होतो, तो तान्ह्यास तितकाच होईल असें नाहीं. यंत्र नवें म्हणून नव्हे, तर मुलाच्या मापास उतरतें म्हणूनच तें निवडावयाचें.

या इतिहासांतील आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्या मुलांना केवळ धान्यावर वाढावें लागे व दूध फारसें मिळत नसे, त्यांच्यांतच मूत्राशयाचा खडा फार आढळे. जेथें आहार सुधारला, तेथें हा रोग ओसरला. छेद लहान करण्यास शस्त्रवैद्यांस शतकें लागलीं. वाटीभर दुधानें अनेक मुलांवर शस्त्र धरण्याची वेळच येऊं दिली नाहीं.