'तुंबाड'मधला हस्तर आला कुठून? धारपांच्या भयकथेमागची वंशावळ

सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला आणि हस्तरची चर्चा परत सुरू झाली. सोनं मिळालेला, पण धान्याला मुकलेला देव. अनेकांना ही कोकणातली जुनी दंतकथा वाटते. पण पुराणं चाळलीत तरी हे नाव सापडणार नाही.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना सिनेमाचं बीज मिळालं नारायण धारपांच्या (१९२५-२००८) 'आजी' या कथेत. (सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून.) आणि 'आजी'चं मूळ आहे स्टीफन किंगची १९८४ची 'ग्रॅमा' ही कथा. घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली, चेटूक जाणणारी आजी. तिला गप्प करायला किंगच्या कथेत जे नाव घेतात, ते 'हास्टर'! किंगने ते एच. पी. लव्हक्राफ्टच्या जगातून उचललं, लव्हक्राफ्टने रॉबर्ट चेंबर्सकडून आणि चेंबर्सने अँब्रोज बिअर्सकडून. बिअर्सकडे तर हा चक्क मेंढपाळांचा प्रेमळ देव आहे.

मग धारप नक्कल करत होते का? प्रश्न रास्त आहे. 'लुचाई'वर किंगच्या 'सालेम्स लॉट'ची छाप उघड दिसते, 'शपथ'वर 'इट'ची. ही उसनवारी लपवून त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण १९८०च्या दशकात करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावात किंगचं इंग्रजी पुस्तक मिळणार कुठून, आणि मिळालं तरी वाचणार किती जण? मराठी वाचकाला ही भीती धारपांनी त्याच्या भाषेत दिली.

आणि देताना तिचा गाभाच बदलला. लव्हक्राफ्टच्या जगात माणूस क्षुद्र असतो. पलीकडच्या शक्तींना त्याच्याशी देणंघेणं नसतं, शेवटी तो वेडा होतो किंवा मरतो. धारपांनी त्या पलीकडच्या मिती घेतल्या, निराशा घेतली नाही. त्यांच्याकडे 'समर्थ' आहेत. संकटात सापडलेला साधा, नोकरदार माणूस त्यांच्याकडे येतो आणि वाईटासमोर तितकीच ताकदवान चांगली शक्ती उभी राहते. आजच्या वाचकाला हे कधीकधी फारच सोयीचं वाटतं, तेही खरं.

'आजी'च्या गोष्टीत मात्र असा आधार नाही, म्हणूनच ती जास्त झोंबते. तिथली भीती भुताची कमी आणि घरातल्या आजारी माणसाची जास्त आहे. जवळ जायची किळस येते, आणि किळस आली म्हणून अपराधीही वाटतं. अंथरुणावर पडलेल्या माणसाची सेवा केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

बर्वेंनी ही कथा आधी वाचलीच नव्हती. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना ती तोंडी सांगितली. पुढे त्यांनी ती स्वतः वाचली, तेव्हा मित्राने सांगितलेलीच जास्त भयंकर वाटली.