इस्लाम धर्म

इस्लाम धर्म : यहुदी व ख्रिस्ती धर्मांनंतर उदयास आलेला एक प्रमुख एकेश्वरवादी धर्म. ‘इस्लाम’ ह्या अरबी शब्दाचा अर्थ ‘ईश्वरी इच्छेला शरण जाणे’ असा असून, जो असा शरण जातो तो ‘मुस्लिम’ होय. शांती ह्या अर्थाचा ‘सलाम’ हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. सातव्या शतकाच्या आरंभी अरबस्तानातील मक्का येथे मुहंमद पैगंबर (सु. ५७०–६३२) यांनी ह्या धर्माचा उपदेश केला. आज जगात त्याचे सु. दोन अब्ज अनुयायी आहेत. धर्मग्रंथाची व प्रार्थनेची भाषा अरबी असली, तरी बहुसंख्य मुसलमान अरब नाहीत. सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचे इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत व बांगला देश हे चारही देश दक्षिण व आग्नेय आशियात आहेत.

मुहंमद हे अखेरचे प्रेषित होत, ही इस्लामची मूलभूत श्रद्धा आहे. त्याचबरोबर ईश्वर व मनुष्य यांच्यामध्ये दीक्षित पुरोहितवर्गाला स्थान नाही, अशी बहुसंख्य मुसलमानांची भूमिका आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे एक प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित झाला : प्रेषितानंतर धर्माच्या वतीने अधिकाराने बोलावयाचे कोणी? खलीफा, इमाम, विधिवेत्ते व सूफी संत यांनी ह्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. इस्लामचा इतिहास बऱ्याच अंशी ह्या उत्तरांचा इतिहास आहे.

उदय : सहाव्या शतकातील मक्का हे व्यापारी तांड्यांच्या मार्गावरील भरभराटीचे नगर होते. तेथील काबा ह्या मंदिरात अनेक टोळ्यांच्या देवतांची पूजा होत असे व नगराची सत्ता कुरैश टोळीकडे होती. ह्याच टोळीतील हाशिम कुळात मुहंमदांचा जन्म झाला. पित्याचे निधन त्यांच्या जन्मापूर्वी व मातेचे त्यांच्या बालपणी झाल्यामुळे आजोबा अब्दुल मुत्तलिब व नंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे व्यापारात असताना खदीजा ह्या संपन्न विधवेशी त्यांचा विवाह झाला. सु. ६१० मध्ये मक्केनजीकच्या हिरा गुहेत चिंतनात मग्न असताना त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला, असे मुस्लिम परंपरा मानते. एकच ईश्वर, अंतिम न्यायाचा दिवस, अनाथ व दरिद्री यांविषयीचे कर्तव्य, हे त्यांच्या आरंभीच्या उपदेशाचे विषय होते. कुरैश श्रेष्ठींना हा उपदेश धर्म, कुलाभिमान व व्यापार ह्या तिन्ही दृष्टींनी घातक वाटला. छळ वाढल्यावर ६२२ मध्ये पैगंबर व त्यांचे अनुयायी यस्रिब येथे गेले. तेच नगर पुढे मदीना म्हणून प्रसिद्ध झाले. ह्या स्थलांतरास ‘हिजरत’ म्हणतात. हिजरी कालगणनेचा आरंभ ह्याच वर्षापासून धरला जातो. मदीनेत अनुयायांचा समुदाय एक राजकीय समाजही बनला. बद्र (६२४) व उहुद (६२५) येथील लढायांनंतर ६३० मध्ये मक्का पैगंबरांच्या ताब्यात आली व काबा मूर्तिरहित करण्यात आले. ६३२ मध्ये मदीना येथे त्यांचे निधन झाले.

श्रद्धा : अल्ला एक आहे, त्याला सहभागी नाही व त्याची प्रतिमा असू शकत नाही, ह्या सिद्धांतास ‘तौहीद’ म्हणतात. त्याखेरीज देवदूत, ईश्वरी ग्रंथ, प्रेषित, अंतिम न्यायदिन व ईश्वरी नियती यांवरील विश्वास हा श्रद्धेचा भाग होय. इब्राहिम, मूसा व ईसा यांना इस्लाम प्रेषित मानतो. मात्र ईसा हे ईश्वराचे पुत्र होत, हे मत त्याला मान्य नाही. कुराण हा ग्रंथ ११४ अध्यायांचा (सूरा) असून तो शब्दशः ईश्वराची वाणी आहे, अशी मुसलमानांची धारणा आहे. परंपरेनुसार त्याचे संकलन पहिले खलीफा अबू बकर यांच्या काळात सुरू झाले व तिसरे खलीफा उस्मान यांच्या काळात त्याची प्रमाण प्रत निश्चित होऊन प्रमुख नगरांकडे पाठविण्यात आली.

आचार : धर्माचरणाचे पाच आधारस्तंभ मानले जातात. अल्लाखेरीज अन्य ईश्वर नाही व मुहंमद त्याचे प्रेषित आहेत, अशी साक्ष देणे हा पहिला. दिवसातून पाच वेळा मक्केकडे तोंड करून नमाज पढणे हा दुसरा; शुक्रवारी दुपारचा नमाज सामुदायिक असतो. तिसरा स्तंभ जकात होय. विहित मर्यादेपेक्षा अधिक धन वर्षभर बाळगणाऱ्याने त्याचा चाळिसावा भाग गरजूंना देणे बंधनकारक असते. चौथा, रमजान महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत रोजा पाळणे. व पाचवा, ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज यात्रा करणे. हजमध्ये सर्व पुरुष न शिवलेली दोन शुभ्र वस्त्रे परिधान करतात. राजा व रंक यांतील भेद त्या काळापुरता तरी दृष्टीआड व्हावा, हा भाव त्यातून व्यक्त होतो. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून त्यात अधिक महिना नसतो. ते सौर वर्षापेक्षा सु. ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान व ईद हे सण सर्व ऋतूंतून फिरत राहतात.

खिलाफत व पंथभेद : आपला वारस पैगंबरांनी नेमला होता की नाही, ह्यावर अनुयायांत एकमत झाले नाही. बहुसंख्यांनी अबू बकर यांना खलीफा म्हणजे उत्तराधिकारी निवडले. त्यांच्यानंतर उमर, उस्मान व अली हे खलीफा झाले व ह्या तिघांचाही वध झाला. ६६१ पर्यंतच्या ह्या काळात इराक, इराण, सिरिया व ईजिप्त हे प्रदेश अरबांनी जिंकले. पैगंबरांचे चुलतभाऊ व जावई अली हेच पहिल्यापासून खरे वारस होते, असे मानणारा पक्ष पुढे ‘शिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ६८० मध्ये करबला येथे उमय्या खलीफा यझीद याच्या सैन्याने अलींचे पुत्र हुसैन व त्यांचे मोजके सोबती यांना ठार केले. ह्या घटनेने राजकीय मतभेदाला धार्मिक शोकाचे व हौतात्म्याचे स्वरूप आले. मोहरमचे शोकाचार तिचेच स्मरण होय. शियांच्या मते धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार अलींच्या वंशातील इमामांकडे जातो. सुन्नींच्या मते तो पैगंबरांचा परिपाठ व समाजाचे एकमत यांत आहे. इमामांच्या परंपरेविषयीच्या मतभेदातून शियांमध्येही द्वादश इमामी, इस्माइली इ. शाखा निर्माण झाल्या.

शरीयत : उमय्या घराण्यानंतर ७५० मध्ये अब्बासी घराणे सत्तेवर आले व बगदाद हे इस्लामी जगाचे केंद्र बनले. खलीफा प्रबळ असला, तरी धर्माचा अर्थ लावण्याचा अधिकार त्याच्या हाती आला नाही. मामून ह्या खलीफाने ८३३ मध्ये कुराण हे अनादी नसून निर्मित आहे, हे मत सक्तीने लादण्यासाठी विद्वानांची चौकशी सुरू केली. अहमद इब्न हंबल यांनी कारावास व फटके सोसले. परंतु ते मत स्वीकारले नाही. काही वर्षांतच ही सक्ती मागे घ्यावी लागली. तेव्हापासून सुन्नी जगात धर्मनिर्णयाचा अधिकार राजसत्तेऐवजी उलेमांकडे, म्हणजे विद्वानांकडे, दृढ झाला. कुराण, पैगंबरांची उक्ती व कृती नोंदविणारे हदीस, विद्वानांचे एकमत (इज्मा) व सादृश्यानुमान (कियास) हे शरीयतचे चार आधार ठरले. अबू हनीफा, मालिक, शाफिई व इब्न हंबल यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चार विधिपरंपरा परस्परांना ग्राह्य मानतात. त्यामुळे एकाच धर्मात मतभिन्नतेला विधियुक्त स्थान मिळाले. मात्र पूर्वसूरींच्या मतांचे अनुसरण हाच नियम होऊ लागल्यावर नव्या विचाराला बऱ्याच अंशी मर्यादा पडली.

सूफी पंथ : विधिनियमांच्या पलीकडे ईश्वरप्रेमाचा अनुभव शोधणाऱ्या साधकांचा प्रवाह आठव्या शतकापासून दिसतो. बसरा येथील राबिया (मृ. ८०१) ह्या स्त्री-साधकेचे नाव त्यात अग्रभागी आहे. मन्सूर हल्लाज यांना ९२२ मध्ये बगदाद येथे देहदंड देण्यात आला. आंतरिक अनुभव व शास्त्र यांतील ही तेढ कमी करण्याचे मोठे श्रेय गझाली (१०५८–११११) यांना दिले जाते. कादिरी, चिश्ती, सुऱ्हावर्दी, नक्शबंदी इ. परंपरांमुळे इस्लामचा प्रसार राज्यांच्या सीमांपलीकडे झाला.

विद्या व कला : बगदादमध्ये ग्रीक, इराणी व भारतीय ग्रंथांची भाषांतरे झाली. ख्वारिज्मी यांच्या ग्रंथनामातील ‘अल्-जब्र’ ह्या शब्दावरून बीजगणिताचे यूरोपीय नाव रूढ झाले. त्यांनी भारतीय अंकपद्धतीवर लिहिलेल्या ग्रंथाची लॅटिन भाषांतरे ती पद्धती यूरोपात पोहोचण्यास साहाय्यभूत ठरली. इब्न सीना यांचा वैद्यकग्रंथ, इब्न हैसम यांचे प्रकाशविषयक संशोधन, अल्-बीरूनी यांचे भारतवर्णन व इब्न खल्दून यांची इतिहासमीमांसा ही ह्या संस्कृतीची ठळक फळे होत. प्रार्थनास्थळात प्रतिमा वर्ज्य असल्याने सुलेखन व भूमितीय नक्षी यांचा विशेष विकास झाला. मंगोलांनी १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त केले; तरीही कैरो, इस्तंबूल, इस्फाहान व दिल्ली ह्या केंद्रांतून ही परंपरा चालू राहिली.

भारत व महाराष्ट्र : भारतात इस्लाम व्यापार, राज्यविस्तार व सूफी प्रचार अशा तीन मार्गांनी आला. ७१२ मध्ये मुहंमद बिन कासिमने सिंध जिंकला. १२०६ मध्ये दिल्लीची सुलतानशाही स्थापन झाली. कोकणात मात्र अरब व्यापारी त्यापूर्वीच स्थायिक झाले होते. अल्-मसूदी हा प्रवासी ९१६ च्या सुमारास चौल येथे आला. तेथे सु. दहा हजार मुसलमान राहत असून त्यांच्या व्यवहारांसाठी स्थानिक राजाने त्यांच्यापैकीच एकास प्रमुख नेमले होते, असे त्याने लिहिले आहे. चिंचणी येथील ९२६ च्या ताम्रपटावरून राष्ट्रकूटांनी संजाण प्रदेशाचा कारभार एका मुस्लिम अधिकाऱ्याकडे सोपविला होता, असे दिसते. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. खुलदाबाद हे चिश्ती संतांचे मोठे केंद्र बनले. ‘योगसंग्राम’ ह्या ग्रंथाचे कर्ते, श्रीगोंद्याचे शेख महंमद, यांना मराठी संतपरंपरेत आदराचे स्थान आहे. १८६६ मध्ये खोजा समाजावर आगाखानांचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. खोजे हे मूलतः शिया इस्माइली होत, असा निर्णय न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी दिला. धार्मिक अधिकाराचा जुना प्रश्न अशा रीतीने इंग्रजी न्यायासनासमोर सोडविला गेला.

आधुनिक काळ : यूरोपीय सत्तांच्या विस्तारानंतर ह्या प्रश्नाला नवे रूप आले. देवबंदच्या (१८६६) उलेमांनी परंपरेच्या अध्ययनावर भर दिला, तर सर सय्यद अहमद खान (१८१७–९८) यांनी आधुनिक शिक्षणाचा पुरस्कार केला. ईजिप्तमध्ये मुहंमद अब्दुह यांनी विवेकाधिष्ठित पुनर्विचाराची (इज्तिहाद) मागणी केली. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली. तिच्या रक्षणासाठी भारतात उभी राहिलेली चळवळही त्यामुळे ओसरली. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर तेथे विधिवेत्त्यांच्या हाती प्रत्यक्ष राजसत्ता आली. भारतात हा वाद मुख्यतः व्यक्तिगत कायद्याभोवती फिरत राहिला. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढून एकतर्फी तलाकास विरोध केला व १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्दबातल ठरविला. २०१९ च्या कायद्याने तो दंडनीय झाला. तो रद्द व्हावा म्हणून झगडणाऱ्या काही स्त्रिया कुराणाचा आधार देत होत्या व त्याचे समर्थन करणारे परंपरेचा आधार देत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यावरून असे दिसते, की इस्लाम हा प्रारंभापासून एकच एक ठरीव अर्थ असलेला धर्म आहे हे त्याच्या काही अनुयायांचे व काही विरोधकांचेही मत इतिहासाशी जुळत नाही. ग्रंथ एक, प्रेषित एक व प्रार्थनेची दिशाही एक. परंतु त्यांचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणा एकाकडे कायमचा राहिला नाही. ह्यातून जसे कलह उद्भवले, तसाच निरनिराळ्या देशांत व भाषांत रुजण्याचा लवचिकपणाही ह्या धर्माला प्राप्त झाला.