पेपर बघायचाय!

निकाल लागला की खोपटच्या चाळीत असो वा नव्या टॉवरमध्ये, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मार्क चुकलेत, रीचेकिंगला टाकू." ठाणं मुंबई विभागीय मंडळात येतं, त्यामुळे पुढचा शब्द असतो वाशी.

पण रीचेकिंग म्हणजे नक्की काय? राज्य मंडळाच्या 1977च्या नियमांत 104 क्रमांकाचा नियम होता. त्यात मुख्यतः दोन गोष्टी बघितल्या जात: सगळी उत्तरं तपासली गेली का, आणि बेरीज बरोबर आहे का. पेपर दाखवणार नाही, पुन्हा तपासणारही नाही, हे त्यात स्पष्टच लिहिलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग कळवा, पण लॉग फाइल मागू नका!

1980 साली हे प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. तेव्हा मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या मार्कांवर होत, म्हणजे एकेका मार्कावर आयुष्याची दिशा ठरायची. हायकोर्टाने ही बंदी रद्द केली. मंडळ सुप्रीम कोर्टात गेलं आणि 17 जुलै 1984 रोजी न्या. बालकृष्ण एराडी यांच्या निकालाने बंदी पुन्हा लागू झाली. मुद्दा असा की प्रत्येकाचा पेपर उघडत बसलो तर निकाल कधी पक्का व्हायचाच नाही. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. लाखो पेपर असतात हो. पण त्या ओझ्याखाली पालकांचा साधा प्रश्न दबला: आमच्या पोराचं नेमकं काय चुकलं?

उत्तर आलं ते माहितीच्या अधिकारातून. 2008 ची सीबीएसईची परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्याने या कायद्याखाली स्वतःचा पेपर मागितला. 9 ऑगस्ट 2011 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे, ती बघायचा हक्क आहे. मात्र परीक्षकाचं नाव गुप्त राहील, आणि फेरतपासणी हा हक्क नाही. गंमत बघा, 1980 साली बारावीला असलेला मुलगा तोवर पन्नाशीला टेकला होता.

आज राज्य मंडळ छायाप्रत देतं आणि ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनही करतं. 2023 साली छायाप्रतीला विषयामागे 400 रुपये पडत होते. मार्क वाढोत न वाढोत, आई-बाप आणि पोरगं एकत्र बसून तो पेपर वाचू शकतात. माझ्या मते खरी लढाई तेवढ्यासाठीच होती.